खळं उचललं का?

आमच्या सरांच्या खोलीत भिंतीला एकही खिळा नव्हता. माणूस बारा वर्षं जालन्यात एकाच भाड्याच्या खोलीत राहिला आणि त्यानं भिंतीत खिळा म्हणून ठोकला नाही. शर्ट ट्रंकेच्या कडीला अडकवायचे, पंचा खिडकीच्या गजाला. आरसा नव्हताच. दाढी ते आमच्या केंद्रात येऊन एका बंद पडलेल्या मॉनिटरच्या काचेत बघून करायचे, आणि हनुवटीखालचा एक पट्टा रोज तसाच राहायचा. मी एकदा म्हटलं, सर, एक खिळा ठोकला तर काय घरमालक फाशी देणार आहे? तर शांतपणे म्हणाले, "खिळा कायम माणसानं ठोकावा. मी तात्पुरता हाय."

आता हे तात्पुरतेपण काही त्यांनी हौसेनं पत्करलेलं नव्हतं. आमचं बियाणं तपासायचं केंद्र होतं. आसपासच्या गावांतून बियाण्याचे नमुने यायचे. आम्ही ओल्या कागदात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवायचो, ठरल्या दिवशी कागद उलगडून किती उगवले ते मोजायचो आणि आकडा संगणकात भरायचो. मी मोजणारा, सर संगणकाचे. ते कुणाला शिकवायचे नाहीत, तरी साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे, कारण त्या युनिक्सच्या मशीनशी काय बोलायचं असतं हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण नेमणूक मात्र एकोणनव्वद दिवसांची. नव्वद दिवस सलग भरले की माणसाचा नोकरीवर हक्क लागतो, असं आमच्याकडं पक्कं धरून चालायचे. म्हणून नव्वदाव्या दिवशी सरांना घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद देऊन पुन्हा घ्यायचं. असं बारा वर्षं. मीही तसल्याच कागदावर लागलो होतो, पण मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि अंगात मस्ती होती. सर त्या सुटीच्या दिवशी सकाळच्या बसनं गावाला जायचे. जाताना सांगायचे, "आज मला बंद करून चालू करून राह्यलेत."

त्यांचं गाव जांब समर्थच्या अलीकडं. तिथं वहिनी सासू-सासऱ्यांजवळ राहायच्या. लग्नात सरांनी त्यांना शब्द दिला होता की कायम झालो की जालन्याला बिऱ्हाड करू. त्यात सरांचे वडील असे की, ज्याची नोकरी तीन महिन्याला सुटते त्यानं चूल मांडू नये, हे त्यांचं ठाम मत. आणि सरांनाही ते पटलेलं. म्हणजे दोन्हीकडून कुलूप. वहिनी बारा वर्षं तिकडं आणि सर इकडं ट्रंकेच्या कडीला शर्ट लावून. वहिनींची जीभ तिखट होती. एकदा कशाला तरी जालन्याला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, तुमच्या सरांचं सगळ्या मशिनी ऐकतात म्हणे, एक कागद तेवढा ऐकत न्हाई.

सरांच्या खिशात कायम एक खोडरबर असायचं. पेन एक वेळ नसेल, रबर असायचंच. मागचा कागद, पुढचा कागद, भिंतीवर कुणी पेन्सिलनं लिहिलेला फोननंबर, काही दिसलं की पुसलंच. त्यांच्या टेबलामागं एक फळा होता. दिवसभर त्यावर आकडे, बाण, चौकोन, मधेच 'तेल आणणे'. पाचच्या ठोक्याला सगळं साफ. एकदा मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून आम्ही फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम् लिहिलं, कमळं काढली. साहेबांना यायला उशीर झाला, पाच वाजले, आणि सरांनी सुस्वागतम् पुसून टाकलं. साहेब सव्वापाचला आले ते कोऱ्या फळ्यासमोर हार घालून घेऊन गेले. मी बोललो तर म्हणाले, उद्या उपयोग न्हाई ते आज पुसावं.

मशीनचा मुख्य पासवर्ड तर ते रोज सकाळी बदलायचे. कुठं लिहून ठेवणं सोडाच, ओठही हलू द्यायचे नाहीत.

आता ते खळ्याचं सांगतो. पेरणीच्या आधी मे महिन्यात आमच्याकडं नमुन्यांची गर्दी व्हायची. सकाळी अहवाल काढायला लावला की दुपारच्या डब्यापर्यंत डिस्क नुसती घरघरत बसायची. नवी डिस्क मागितली तर मंजुरीला वर्ष लागलं असतं. सर दोन दिवस मशीनच्या डब्याला कान लावून बसले. अक्षरशः कान लावून. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हे येडं कच्चं काम बी पक्क्या वहीत करून राह्यलंय. आकडे लावायचे तर आधी ढीग करतं, तो डिस्कवर लिहितं, परत उचलतं, परत पुसतं. कच्चं काम मेमरीत केलं तर डिस्कला हात लावायची गरजच न्हाई.

पण त्यासाठी मेमरी पाहिजे. आमच्या गोदामात पोत्यांमागं एक मोडीत काढलेलं मशीन पडलेलं होतं. सरांनी अधीक्षकांकडं अर्ज केला की त्यातल्या मेमरीच्या पट्ट्या द्याव्यात. आमचे अधीक्षक म्हणजे कागदाचे भक्त. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो, ते तिथले. घर तिकडं, बायकोमुलं तिकडं, शनिवारी जायचे, सोमवारी चिडून यायचे. त्यांनी शेरा मारला की मोडीत काढलेल्या वस्तूचा भाग काढण्यासाठी समिती नेमावी लागेल.

सरांनी समिती नेमली. ते, मी आणि आमचे शिपाई चाचा. चाचांनी दुपारी गोदामाच्या दारात भाकरी सोडली आणि पाय पसरून असे बसले की कुणाला आत जाता येऊ नये. आत सरांनी ते मशीन उघडलं. पट्ट्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. सरांनी खिशातलं रबर काढलं आणि एकेक कड घासायला लागले, हळूहळू, पाटी पुसतात तसं. काळं गेलं, खालचं सोनेरी दिसायला लागलं. चाचा वाकून बघत होते, म्हणाले, "सोना निकला क्या साब?" सर म्हणाले, निकला.

पट्ट्या आमच्या मशीनमध्ये बसवल्या, मशीन चालू झालं. मंग सरांनी अर्धा तास विचार करून एकच ओळ टाइप केली आणि मेमरीतला एक तुकडा डिस्क म्हणून उभा राहिला. मशीनला वाटावं ही डिस्कच आहे, पण आहे मेमरी. त्याला त्यांनी नाव दिलं 'खळं'. खऱ्या डिस्कला 'कणगी', धान्य भरून ठेवायची असते ती. त्या दिवशी अहवाल चहा गार व्हायच्या आत निघाला. अधीक्षकांचा विश्वास बसेना. इतक्या जल्दी निघाला म्हणजे चुकलाच असणार, असं म्हणून त्यांनी दोघांना बसवून सगळा अहवाल हातानं तपासून घेतला. त्याला दोन दिवस लागले. बराबर निघाला.

सरांनी आम्हाला गोळा करून बजावलं. "हे खळं हाय. इथं रास घाला, मळा, उपणा, काय बी करा. पण इथं मुक्काम न्हाई. वीज गेली की खळं साफ. पाच वाजता ज्यानं त्यानं आपली रास उचलायची अन् कणगीत टाकायची."

मी केदारखेड्याचा, शेतकऱ्याच्या पोटचा. आभाळ आलं असताना खळ्यावर दाणे ठेवून कुणी जेवायला जात नाही, हे मला काय सांगायचं? पण त्या दिवसापासून रोज पाचला सर प्रत्येकाच्या टेबलाशी जायचे आणि विचारायचे, "खळं उचललं का?" ज्याला संगणक नाही त्यालाही विचारायचे. चाचा कपबशा विसळत असायचे, त्यांनाही विचारायचे. चाचा म्हणायचे, उठा लिया साब, पूरा उठा लिया.

आता माणसाचा स्वभाव असा की जिथं काम झटपट होतं तिथंच तो बिऱ्हाड करतो. महिन्याभरात सगळे सगळंच खळ्यावर ठेवायला लागले. अधीक्षकांनी तर औरंगाबादला बदली मागायचा अर्ज तिथं लिहायला घेतला. रोज एक ओळ घालायचे, एक काढायचे. आठवडाभर अर्ज खळ्यावर. सरांनी तीनदा सांगितलं, साहेब, उचला. साहेब म्हणाले, बघू. शेवटी एक दिवस पाच वाजून पाच मिनिटांनी सरांनी सरळ मशीन बंद करून टाकलं. अधीक्षकांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरायला गोदामात पळावं लागलं. ते म्हणत होते, अहो, त्यात आईच्या आजारपणाची एक ओळ अशी जमली होती की पुन्हा सुचायची नाही. सर म्हणाले, "चांगली ओळ व्हती तर उचलायची व्हती."

झालं. त्या दिवसापासून अधीक्षकांनी डूख धरला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, भिंतीवरच्या कॅलेंडरात सरांच्या नव्वदाव्या दिवसाला लाल गोल, आणि त्या दिवशी स्वतः फाटकाच्या नोंदवहीजवळ खुर्ची टाकून बसायचं. सर चुकून आत आले, वहीत नाव लागलं, नव्वद भरले, तर? दुसरं, त्यांनी लेखी आदेश काढला की मुख्य पासवर्ड सरांनी कोणत्याही परिस्थितीत कोणालाही सांगू नये, आणि त्यावर सरांची सही घेतली. सर म्हणाले, मी तर बायकोला बी सांगत न्हाई.

आता माझं पाप. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातलं. मी नमुने मोजत होतो, आकडे खळ्यावर भरत होतो, आणि मोजून झालेले अंकुर कचऱ्यात टाकत होतो. संध्याकाळी आकडे कणगीत टाकायला गेलो तर मशीन म्हणालं, जागा नाही. मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच. सरांना सांगावं तर ते पहिल्याच दिवशी का सांगितलं न्हाई म्हणून हजेरी घेणार. म्हणून तिसऱ्या दिवशीही गप्प. सर पाचला विचारायचे, खळं उचललं का? मी म्हणायचो, उचललं. तोंड वर करून खोटं बोलायचो. दुपारचं लोडशेडिंग व्हायचं, पण नेमकं त्या आठवड्यात सुट्टी दिल्यासारखी वीज गेलीच नाही, म्हणून निभावलं. चौथ्या दिवशी सर म्हणाले, उद्या माझा नव्वदावा, मी गावाला चाललो, खळं तेवढं सांभाळ. मी मान हलवली.

पाचव्या दिवशी सकाळी पेपरात बातमी की आजपासून बारा ते चार वीज जाणार. चार दिवसांचे आकडे नुसते मेमरीत. अंकुर कचऱ्यात गेलेले. परत तपासायचं तर आठ दिवस, तोवर पेरणी तोंडावर. मशीनला जो बॅटरीचा आधार होता तो वीस मिनिटांचा. हातानं उतरवून घ्यायचं तर दोन दिवस गेले असते. छापून घ्यावं म्हटलं तर छापायलाही आधी डिस्कवर जागा लागते, आणि डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. ती रिकामी करायला मुख्य पासवर्ड पाहिजे. तो सरांच्या डोक्यात, आणि सर बसस्टँडवर.

मी अधीक्षकांच्या पायाशीच गेलो म्हणा. सगळं कबूल केलं. त्यांनी आधी कॅलेंडर बघितलं, लाल गोल बघितला, मंग घड्याळ बघितलं आणि चाचांना सायकलवर पिटाळलं. चाचा पाऊण तासानं सरांना डबलसीट घेऊन आले. हाफत म्हणाले, "उनो तो बस में बैठ गये थे, खिडकी में से खेंचा." सर ठेवणीतल्या कपड्यांत होते. कडक इस्त्रीची पँट, हातात पिशवी, पिशवीत वहिनींसाठी घेतलेलं पातळ.

आणि अधीक्षक फाटकात आडवे. आत पाऊल टाकायचं नाही, तिथूनच पासवर्ड सांगा. सरांनी पिशवी मांडीवर घेतली आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसले. म्हणाले, सांगायचा न्हाई असा तुमचाच लेखी आदेश हाय, माझी सही हाय. अधीक्षक म्हणाले, मी आदेश मागं घेतो. सर म्हणाले, लेखी द्या. लेखी द्यायचं तर जावक क्रमांक पाहिजे, जावक लिपिक रजेवर. अकरा वाजून गेले होते. मी फाटकाच्या आत उभा राहून दोघांकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, मला रडायला यायला लागलं होतं. सरांनी ते पाहिलं असावं. ते उठले आणि अधीक्षकांना म्हणाले, "साहेब, मी आत येतो, न्हाई तर चार दिवसांचे आकडे बाहेर जातेत. काय ते ठरवा."

मंग अधीक्षकांना त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रशासकीय विचार सुचला. फाटकातून आलेला माणूस वहीत नोंदवावा लागतो. फाटकातून आला नाही, तर आलाच नाही. त्यांनी सरांना मागच्या भिंतीकडं पाठवलं. निंबाखाली चाचांनी बाहेरून स्टूल लावलं, आतून मी हात दिला. भिंतीवर काचा लावलेल्या होत्या. सर चढले, एक पाय आत आला आणि दुसऱ्या पायाची इस्त्रीची पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत टर्रकन फाटली. खाली उतरून त्यांनी आधी पिशवीतलं पातळ बघितलं. ते सलामत होतं.

मशीनसमोर बसले तेव्हा साडेअकरा झाले होते. पासवर्ड टाकला, दोन मिनिटं काहीबाही बघितलं, आणि मान वळवून अधीक्षकांना विचारलं, "साहेब, तुमचा बदलीचा अर्ज कणगीत दोनशे चौदा वेळा हाय. कोणता ठेवू?"

झालं होतं असं, की त्या एका ओळीचा धसका घेऊन अधीक्षक वर्षभर दर आठवड्याला चार-चारदा तोच अर्ज नव्या नावानं कणगीत टाकत होते. भीतीनं. शिवाय अर्जाबरोबर आईचे तपासणीचे कागद, एक्सरे, सगळं स्कॅन करून दरवेळी जोडलेलं. आमची डिस्क त्या माउलीच्या आजारपणानं भरली होती. अधीक्षक पार लाल झाले. बारीक आवाजात म्हणाले, शेवटचा ठेवा. सरांनी शेवटचा ठेवला, बाकीचे उडवले. माझे आकडे कणगीत गेले. मी दोनदा तपासले. सगळे आले होते.

सर उठणार इतक्यात अधीक्षकांना एक शंका आली. हे मशीन, कोण कधी आलं त्याची नोंद वगैरे ठेवतं की काय? सरांना खोटं बोलता यायचं नाही. म्हणाले, "ठेवतं. कोण बसलं, कधी बसलं, कधी उठलं. पण ती नोंद बी मी खळ्यावरच ठेवतो. डिस्कवरचा भार कमी. वीज गेली की साफ." अधीक्षकांनी घाम पुसला. चला चला, भिंतीकडं चला, बारा वाजत आले.

सर भिंतीशी गेले. स्टुलावर चढले, फाटलेली पँट एका हातानं धरली आणि माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, "खळ्यावर काय काय पडलंय ते एकदा नीट बघ. मंग बराबर बंद कर." आणि पलीकडं उतरले.

हे त्यांनी मुद्दाम सुचवलं की सवयीनं म्हणाले, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाराच्या ठोक्याला वीज गेली. एरवी येताना कधी वेळ पाळत नाही, जाताना मात्र काटेकोर. बॅटरी कुईं-कुईं करायला लागली. वीस मिनिटं. मी खळं बघितलं. रिकामं होतं, फक्त ती नोंदीची फाइल पडलेली. उघडली. शेवटची ओळ सरांच्या नावाची. आजची तारीख, नव्वदावा दिवस. अकरा एकतीसला बसले, अकरा सत्तावन्नला उठले.

माझ्या डोळ्यासमोर ती ट्रंकेची कडी आली. ज्याच्यामुळं बस सुटली, पँट फाटली, तो मी. चार दिवस सांगितलेलं काम केलं नाही तो मी. बारा वर्षांत हा माणूस नव्वदाव्या दिवशी पहिल्यांदा कामावर आला होता आणि ते वीस मिनिटांत पुसलं जाणार होतं. मी ती फाइल उचलली आणि कणगीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर खळं उचललं. मंग मशीन बराबर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती ओळ छापून सरांना दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. म्हणाले, चार दिवस दाणे उचलले न्हाईत अन् हे मात्र उचललंस. मी म्हटलं, सर, हा कागद मोठ्या साहेबांपुढं ठेवा, नव्वद भरले. ते म्हणाले, अधीक्षक अडचणीत येतील, आणि तुझा पुढचा कागद निघायचा न्हाई. त्यांचा हात खिशातल्या रबराकडं गेला. छापलेलं रबरानं जात नाही हे त्यांनाही माहीत होतं, तरी गेला. मी कागद हिसकावून घेतला.

आणि रविवारी सरळ त्यांच्या गावाला गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी कागद उन्हात धरून वाचला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "सव्वीस मिन्टं. बारा वर्षांत मानसानं सव्वीस मिन्टं कामाची केली म्हणायची."

सोमवारी त्या जालन्यात. सरांना पत्ता नाही. मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यांनी आधी तो कागद ठेवला आणि वर मी सरांच्या खोलीवरून गुपचूप आणून दिलेली ती फाटलेली पँट ठेवली. साहेब दचकून मागं सरकले. वहिनी म्हणाल्या, भिंतीवरच्या काचेला अजून धागा असंल, माणूस पाठवून बघा. चाचांना पाठवलं. होता. साहेबांनी अधीक्षकांना बोलावलं आणि विचारलं, मशीन म्हणतं हे आत होते, वही म्हणते नव्हते. मंग पासवर्ड कुणी टाकला?

अधीक्षकांनी कागद हातात घेतला. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार की दुसऱ्या कुणी तरी टाकला. पण एक सांगायचं राहिलं. तो शेवटचा ठेवलेला अर्ज आकडे वाचवलेल्याच दिवशी औरंगाबादला गेला होता, आणि त्या सोमवारी सकाळीच बदली मंजूर झाल्याचा फोन आला होता. शिवाय अधीक्षक माणूस वाईट नव्हता, घराची ओढ काय असते ते त्याला ठाऊक होतं. ते वहिनींना म्हणाले, ताई, तुम्ही किती वर्षं तिकडं आहात? वहिनी म्हणाल्या, बारा. अधीक्षकांनी पेन काढलं आणि कागदाखाली लिहिलं, सदर कर्मचाऱ्यास नव्वदाव्या दिवशी कार्यालयात काम करताना मी समक्ष पाहिले. सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. पुढं बदलीवर जाताना सरांना म्हणाले, भिंतीवरून तुम्हाला आणणं हे मात्र नियमातच होतं.

तरी सरांना कायम केल्याचा आदेश वरून यायला दीड वर्ष लागलं. माझा कागद चालू राहिला, कारण नवे अधीक्षक आले ते कॅलेंडर बघणारे नव्हते. आदेश आला त्या दिवशी आम्ही पेढे आणले. सरांनी पेढा खाल्ला, हात पुसला, फळा पुसला, सगळ्यांना विचारलं, खळं उचललं का, आणि घरी गेले. मी म्हटलं, काय माणूस आहे, हसला सुद्धा नाही.

तासाभरानं माझ्या दारात उभे. म्हणाले, हातोडी हाय का?

खोलीवर वहिनी निरोप मिळताच दुपारच्या बसनं आल्याच होत्या. ट्रंक मधोमध उघडी. सरांनी पेन्सिलनं भिंतीवर ठिपका काढला. लांब जाऊन बघितला. रबर काढून पुसला. थोडा वर काढला. पुसला. तिसऱ्यांदा रबर काढलं तेव्हा वहिनींनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधून टाकलं. ठोका आता, म्हणाल्या.

सरांनी ठोकला. पहिल्या घावाला पोपडा पडला, दुसऱ्याला बोट चेचलं, तिसऱ्याला खिळा बसला. वहिनींनी ट्रंकेच्या कडीवरचा शर्ट काढला, झटकला आणि खिळ्याला लावला. सर ट्रंकेवर बसून त्या शर्टाकडं बघत राहिले. बोट तोंडात धरलेलं, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मीही रडत होतो, त्यात लाजायचं काय.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि दटावलं, "उद्या पाच वाजले म्हणून हा उपटायचा न्हाई बरं."

सरांनी बोट तोंडातून काढलं. म्हणाले, "न्हाई. हा कणगीतला हाय."